छंद आणि चूल

छंद हा शब्द मोठा गमतीचा आहे. कवितेच्या चरणांत अक्षरांचें व मात्रांचें जें ठराविक माप असतें त्यालाहि छंद म्हणतात, आणि माणूस आपल्या मर्जीनें, कोणाच्या सांगण्यावांचून, जें कांहीं करीत बसतो त्यालाहि छंदच म्हणतात. पहिल्या अर्थांत नियम आहे, दुसऱ्या अर्थांत स्वेच्छा आहे. स्वच्छंद आणि छांदिष्ट हे शब्द या दुसऱ्या अर्थाच्या घरचे. कोणी गृहस्थ पोस्टाचीं तिकिटें जमवितात, कोणी गॅलरींतल्या चार कुंड्यांत गुलाबाशीं झुंजतात, तर कोणी जुनीं घड्याळें उघडून बसतात आणि तीं पुन्हां मिटतांना एखादें चाक शिल्लक राहिलें तरी हिरमुसत नाहींत. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. मन लागेनासें झालें कीं छंद बाजूला ठेवतां येतो. तिकिटांची वही महिनाभर उघडली नाहीं म्हणून घरांत कोणी उपाशी राहत नाहीं.

आतां याच कसोटीवर घरांतला स्वयंपाक घासून पाहावा. ‘आमच्या हिला स्वयंपाकाची भारी आवड,’ असें पुष्कळ घरांतून कौतुकानें सांगितलें जातें. तें खोटें असतें असें नाहीं. पुरणाचा रंग कसा उतरला, भाकरी कशी फुगली, यांत जो आनंद आहे तो कोणत्याहि कलावंताच्या आनंदाहून कमी प्रतीचा नव्हे. परंतु ज्या दिवशीं आवड नसेल त्या दिवशीं काय होतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्या दिवशींहि पानें वेळेवर मांडलीं जातात. जें आवड असतां करावयाचें आणि आवड नसतांहि करावयाचेंच, त्याला छंद म्हणावें कीं काम? आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

हा प्रश्न नीट डोळ्यांसमोर यावा म्हणून श्रोत्यांनीं क्षणभर शहरांतला ओटा सोडून समुद्राकडे यावें. मुंबईच्या उत्तरेस, भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला जो रस्ता मुर्धा, राई, मोर्वा या गांवांवरून जातो, तो शेवटीं डोंगरी, उत्तन, पाली आणि चौक या किनाऱ्याकडच्या गांवांना पोंचतो. आज हीं सारीं गांवें मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत आहेत. तरी तेथील पुष्कळ घरांचें घड्याळ अजून भरती-ओहोटीच्या हिशेबानें चालतें. चौकच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष असून तेथें चिमाजी अप्पांचें स्मारक आहे. खाडीच्या पलीकडे वसईचा किल्ला. १७३९ सालच्या मोहिमेंत मराठ्यांनीं धारावी घेतली आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई पडली. शाळेंतल्या इतिहासांत या किनाऱ्याचें नांव आलेंच तर एवढ्यापुरतें येतें. परंतु गांवाचा जो इतिहास रोज घडत असतो त्याला तोफा लागत नाहींत. त्याला ऊन लागतें.

या भागांतील जुनी वस्ती मुख्यतः कोळ्यांची, आणि त्यांत ख्रिस्ती घरें पुष्कळ. पुरुष होडीनें जाऊन समुद्रांत डोल लावतात. डोल म्हणजे पिशवीसारखें निमुळतें जाळें. ओहोटी-भरतीच्या ओढीनें मासळी त्यांत आपोआप शिरते. त्यांत बोंबील, मांदेली, जवळा, करंदी असें कायकाय येतें. बोंबलाच्या अंगांत पाणीच अधिक. किनाऱ्यावर आणून तसाच ठेवला तर कांहीं तासांत त्याचें मोल जातें. म्हणून होडी लागली कीं खरी घाई बायकांची सुरू होते. बोंबील निवडावयाचे, धुवावयाचे, दोहोंच्या जबड्यांत जबडा अडकवून जोड्या करावयाच्या आणि बांबूंच्या मांडवावर ताणलेल्या दोरांवर त्या टांगावयाच्या. या मांडवाला वलांडी म्हणतात. दिवसामागून दिवस ऊन व वारा मिळाला म्हणजे तोच लुसलुशीत मासा काठीसारखा कडक होतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. मध्येंच अवकाळी पाऊस आला तर सारी मेहनत मातीला मिळते. पुढें बाजारांत पाटी घेऊन बसणें आणि गिऱ्हाइकाशीं घासाघीस करणें हेंहि बायकांकडेच. आणि म्हणूनच कोळ्याच्या घरांत पैशाची पिशवी बहुधा बाईच्या कमरेला असते. ‘बोंबील वाळविण्याची तिला आवड आहे’ असें तेथें कोणी म्हणत नाहीं. तें काम आहे, त्यावर घर चालतें, हें सर्वांना उघड दिसतें.

याच किनाऱ्यावर, वसईपासून मुंबईपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत, उन्हाळ्याचें आणखी एक मोठें काम असतें. तें म्हणजे वर्षाचा मसाला. मिरच्या, धने, हळद, मिरीं, दालचिनी, लवंगा, खसखस, तीळ असे वीस-पंचवीस किंवा त्याहूनहि अधिक जिन्नस निवडून उन्हांत वाळवितात, एकेक वेगळा भाजतात, आणि मग लांकडी उखळांत लांब मुसळांनीं कुटतात. हा मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठांसून भरतात, म्हणजे उजेड लागून त्याचा रंग-वास उडत नाहीं. त्यावरूनच त्याचें नांव बाटली मसाला पडलें. ज्या मिरचीवर हा सारा थाट उभा आहे ती मिरची मूळची अमेरिकेंतली. पोर्तुगीजांच्या जहाजांनीं ती या देशांत आली. वसईवर त्यांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. तो गेला, मिरची मात्र राहिली, आणि ज्यांच्याशीं त्यांची लढाई झाली त्यांच्याहि फोडणींत जाऊन बसली.

मसाला कुटण्याचें काम एका बाईचें नव्हे. एका उखळाभोंवतीं दोघी-तिघी उभ्या राहतात. एकीचें मुसळ वर जातें तेव्हां दुसरीचें खालीं येतें. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आपटावयाचें. म्हणून तो चुकूं द्यावयाचा नाहीं. येथें छंद या शब्दाचा पहिला अर्थ आठवतो. कवितेच्या छंदांत जसें माप असतें तसें या कुटण्यांतहि असतें, आणि तें माप एकटीनें साधत नाहीं. देशावरच्या जात्याची गोष्ट हीच होती. हेमा राईरकर व गी पॉइतव्हाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांतील खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख ओव्या! माहेर, भाऊ, लेक, पाऊस, सासूचा जाच, विठोबा, सारें कांहीं त्या दगडाभोंवतीं फिरलें. जात्यावर बसणें ही त्या बायकांची हौस नव्हती. पहाटे उठून दळलें नाहीं तर दिवसा भाकरी नव्हती. परंतु समोर दुसरी बसली असे, खुंट्याला दुसरा हात लागलेला असे, आणि त्यामुळें कामांतून छंद उमटला.

गिरणी आली, मिक्सर आला. जातें व उखळ मागें पडलें. त्याबद्दल कोणीं हळहळूं नये. ज्यांनीं स्वतः दळलेलें नाहीं त्यांनींच जात्याचे गोडवे गावेत, अशी रीत दिसते. खांदे दुखविणारें ओझें यंत्रानें उचललें ही चांगलीच गोष्ट झाली. पण यंत्रानें दोन गोष्टी एकदम नेल्या. ओझें गेलें, आणि सोबतहि गेली. शहरांतल्या बंद दाराच्या घरांत आतां ओट्यापुढें एकच बाई उभी असते, आणि तिच्या पाठीकडे खोलींत घर आपापल्या छंदांत रमलेलें असतें.

ओझें कमी झालें. पण वेळ किती कमी झाला? याचें उत्तर अंदाजानें देण्याची गरज नाहीं. भारत सरकारच्या सांख्यिकी खात्यानें २०१९ सालीं जानेवारी ते डिसेंबर देशभर पाहणी करून माणसें दिवसाचे तास कसे खर्च करतात तें टिपलें. घरांतल्यांसाठीं विनामोबदला केलेल्या घरकामांत भाग घेणाऱ्या स्त्रीचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटें वेळ जातो, असें आढळलें. म्हणजे पांच तासांना एक मिनिट कमी. अशा कामांत भाग घेणाऱ्या पुरुषाचा वेळ ९७ मिनिटें. आणि मुळांत भाग घेणारे किती? स्त्रियांत शंभरांतल्या सुमारें ८१. पुरुषांत शंभरांतले सुमारें २६. गिरणी, गॅस आणि मिक्सर यांच्या नंतरचे हे आंकडे आहेत. छंदाला जें भांडवल लागतें तें पैशाचें नसून वेळेचें असतें. आणि तें भांडवल घराघरांतून कोणाच्या खात्यावर जमा होतें व कोणाच्या खात्यांतून वजा होतें, हें या आंकड्यांवरून समजतें.

चौककडे पुन्हां एकवार पाहावें. पावसाळ्यांत समुद्र खवळतो, आणि मासळीच्या विणीचा हंगामहि तोच. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झांकून ठेवतात. पुरुष जाळीं तुणतात, होडीची डागडुजी करतात. तें कामच आहे, पण त्यांत बैठक असते, गप्पा असतात, पत्त्यांचा डावहि पडतो. या दोन महिन्यांत घर कशावर जेवतें? उन्हाळ्यांत वलांडीवर वाळलेल्या बोंबलावर, सुकटीवर आणि बाटलींतल्या मसाल्यावर. म्हणजे समुद्र बंद असतांना घर चालतें तें चैत्र-वैशाखांतल्या बायकांच्या घामावर. समुद्राला दोन महिन्यांची सुटी आहे. चुलीला नाहीं.

शहरांतल्या सुशिक्षित घराला हें चित्र परकें वाटूं नये. पापड, कुरडया, सांडगे, लोणचीं या रूपानें तेंच आपल्या गच्चीवर वाळत असे. आणि सुटीचा हिशेबहि तोच आहे. गृहस्थ ५८ व्या किंवा ६० व्या वर्षीं निवृत्त होतात. निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतें, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘आतां छंदाला वेळ मिळाला’ म्हणून ते घरीं बसतात. ते घरीं बसले म्हणजे घरांत दुपारचा एक चहा वाढतो. तो करणारीची निवृत्तीची तारीख कोणत्याच कागदावर लिहिलेली नसते.

कोणी म्हणेल, आतां दिवस बदलले; पुरुषहि स्वयंपाकघरांत जातात. जातात, आणि तें कौतुकास्पदच आहे. रविवारीं सकाळीं एखादे गृहस्थ कमरेला पंचा गुंडाळून ओट्यापाशीं उभे राहतात. ‘अगं, हिंग कोठें ठेवला आहेस?’ ‘तुमच्या हाताशींच आहे, दुसऱ्या कप्प्यांत.’ ‘आणि मोठी कढई?’ ‘ती खालीं.’ ‘मीठ किती घालूं?’ असें करतां करतां दोन तासांत एक रस्सा तयार होतो. घरांतलीं मुलें वाहवा करतात, शेजारीं एक वाटी जाते. मग गृहस्थ घाम पुसून पंख्याखालीं बसतात. आणि ओट्यावर, मोरींत व गॅसवर मिळून जीं सतरा भांडीं उरलेलीं असतात त्यांच्याकडे ‘तें काय, होईल’ अशा उदार नजरेनें पाहतात. रविवारचा तो रस्सा छंद होता. रविवारचीं तीं भांडीं काम होतीं. एकाच चुलीवर दोन्ही निर्माण झालीं, पण वांटणी मात्र झाली नाहीं.

आपल्या जुन्या कथांतहि ही वांटणी लपलेली नाहीं. उत्तम स्वयंपाकाला आपण नळपाक म्हणतों, आणि बल्लवाचार्य म्हणून भीमाची आठवण काढतों. नळानें बाहुक होऊन ऋतुपर्णाच्या घरीं पाककौशल्य दाखविलें. भीमानें बल्लव हें नांव घेऊन विराटाच्या मुदपाकखान्यांत एक वर्ष काढलें. दोघांचाहि तो वेषांतराचा काळ होता. वेष उतरला आणि पळी खालीं ठेवली गेली. द्रौपदीची गोष्ट निराळी. वनवासांत सूर्यानें जी थाळी दिली तिच्यांतलें अन्न द्रौपदी जेवेपर्यंत सरत नसे, आणि ती जेवली कीं त्या दिवसापुरतें संपे. म्हणून ती सर्वांच्या शेवटीं जेवे. कथेंत हा वराचा नियम होता. पुढें घरोघरीं तोच रिवाज झाला. वर देणारा सूर्य राहिला नाहीं, शेवटीं जेवणें राहिलें.

या कामाला मोल आहे हें आतां न्यायालयानेंहि सांगितलें आहे. रस्त्यावरील अपघातांत मृत्यु पावलेल्या एका जोडप्याच्या नुकसानभरपाईच्या खटल्यांत, ५ जानेवारी २०२१ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें गृहिणीच्या श्रमाचें उत्पन्न कल्पून भरपाई ठरविण्याचें तत्त्व उचलून धरलें; निकालांत वर सांगितलेल्या २९९ व ९७ मिनिटांचाहि उल्लेख आला. निर्णय न्याय्य आहे. पण मनाला एक गोष्ट टोंचते. न्यायालयापुढें हा हिशेब येतो तो ती बाई गेल्यानंतर. ती जिवंत असतांना हिशेब मांडण्याचें न्यायालय एकच, आणि तें म्हणजे तिचें घर.

तो हिशेब पैशांत मांडावा असें नव्हे; तो वेळेंत मांडावा. त्यासाठीं घरांतल्यांनीं ‘मदत’ हा शब्द प्रथम टाकावा. मदत दुसऱ्याच्या कामाला करतात. जेवण तर सर्वांचें आहे. आठवड्यांतला एक वार, एक वेळ, घरांतल्या प्रत्येक जाणत्या माणसानें संपूर्ण आपली म्हणून घ्यावी. संपूर्ण म्हणजे ‘आज काय करावयाचें’ या विचारापासून ओटा पुसण्यापर्यंत. हा विचार दिसत नाहीं, पण तोच सर्वांत जड असतो. भाजी चिरतांना हात दमतो, रोज नवी भाजी ठरवितांना मन दमतें. आणि तो वार ठरलेला असावा. कृपा वाटेल तेव्हां होते, व्यवस्था ठरल्या वेळीं होते.

यांत दोष एका बाजूचाच आहे असेंहि नाहीं. ‘तुम्हांला जमणार नाहीं, तुम्ही बाहेर व्हा,’ असें म्हणणाऱ्या गृहिणी पुष्कळ. आणि आपल्या मसाल्याचें माप सुनेला कधींच पुरतें न सांगतां ‘अंदाजानें घाल’ म्हणणाऱ्या सासूबाईहि थोड्या नाहींत. त्याचें कारण समजून घेतलें पाहिजे. ज्या राज्याखेरीज दुसरें राज्यच मिळालें नाहीं त्याची किल्ली कोणीहि सुखासुखी देत नाहीं. परंतु तो अंदाज कागदावर उतरूं शकतो हें आपल्याच भाषेंत दिसून आलेलें आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं १९१० सालीं ‘गृहिणी-मित्र’ या ग्रंथांत एक हजार पाकक्रिया मांडल्या. १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ आलें. त्यांत वाटी व चमचा हें घरचें माप घेऊन कृति सांगितल्या, म्हणून परगांवीं एकट्या राहणाऱ्या नवशिक्यालाहि त्या करतां आल्या. हातांतली विद्या मापांत आली म्हणजे ती मुलाला शिकतां येते, जांवयाला शिकतां येते. ती एकाच माणसाच्या हाताला बांधलेली राहत नाहीं. आईचा मसाला मुलानें लिहून घ्यावा, तिच्यासमोर एकदां करून पाहावा, आणि मग तिला उठवून स्वतः ओट्यापाशीं उभें राहावें. यांत आईचें राज्य जात नाहीं. राज्याला वारस मिळतो.

आणि शेवटचें एक पथ्य. असा मोकळा झालेला वेळ तिच्या हातीं दिल्यावर ‘आतां तूं काय करणार?’ असें विचारूं नये. ती वाचील, विणील, फिरावयास जाईल, पेटी काढून बसेल, किंवा नुसती खिडकींतून रस्ता पाहील. छंद सांगून लागत नाहीं, आणि पहिले कांहीं दिवस तो सांपडणारहि नाहीं. वर्षानुवर्षें ज्याला सवड मिळाली नाहीं त्या मनाला मोकळ्या वेळाची ओळख नव्यानें करून घ्यावी लागते. कदाचित् ती पुन्हां ओट्याकडेच येईल आणि म्हणेल, आज मला करंज्या कराव्याशा वाटतात. तेव्हां मात्र ती आवड खरी समजावी, पोळपाट समोर ठेवावा, आणि करंज्यांना मुरड घालावयाला घरांतल्या दोघांनीं तिच्याजवळ बसावें.